फिलिप्पो गान्ना: ट्रॅकवरच्या कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिप्पो गान्ना कोण आहे?

इटलीचा ट्रॅक सायकलपटू. वैयक्तिक परस्यूट या प्रकारात सहा वेळा विश्वविजेता, टोकियो ऑलिम्पिकमध्ये टीम परस्यूटचं सुवर्ण, आणि २०२२ मध्ये एका तासात ५६.७९२ किलोमीटर सायकल चालवून केलेला विक्रम. रस्त्यावरच्या टाइम ट्रायलमध्येही, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीतही, तो दोनदा विश्वविजेता झाला आहे. त्यामुळे टीव्हीवर जिरो किंवा टूर या इटली-फ्रान्समधल्या मोठ्या रस्ता-शर्यती बघणारे बरेच लोक त्याला ‘टाइम ट्रायलवाला’ म्हणून ओळखतात. पण तो घडला ट्रॅकवर, आणि त्याची खरी थोरवी कळते तीही ट्रॅकवरच. म्हणून या पानावर रस्त्याचा भाग थोडक्यात आहे आणि ट्रॅकच्या लाकडी फळ्यांवरच्या शर्यतींना भरपूर जागा दिली आहे.

आडनावाचा उच्चार कसा करायचा?

गान्ना. ‘न’ दुहेरी, त्यावर जरा थांबायचं. ‘गाना’ म्हटलं तर इटालियन माणसाला खटकतं. चाहते त्याला लाडाने ‘टॉप गान्ना’ म्हणतात.

तो कुठला? घरात खेळाचं वातावरण होतं का?

जन्म २५ जुलै १९९६, व्हेर्बानिया. उत्तर इटलीत पिएमोंते प्रांतात लागो माज्जोरे नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठावरचं हे गाव. वडील मार्को गान्ना कनूइंगचे खेळाडू होते आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये इटलीकडून उतरले होते. म्हणजे ऑलिम्पिक हा शब्द या घरात जेवताखाताही ऐकू येत असणार.

उंची १.९३ मीटर आणि वजन ८० किलोंच्या वर. सायकलपटू म्हटल्यावर जो काटकुळा माणूस डोळ्यांसमोर येतो, तसा हा अजिबात नाही.

परस्यूट म्हणजे नेमकं काय? टीव्हीवर दोघेच गोल फिरताना दिसतात.

परस्यूट म्हणजे पाठलाग. ट्रॅक २५० मीटरचा. एक खेळाडू एका बाजूच्या सरळ भागाच्या मधोमध उभा असतो, दुसरा बरोबर समोरच्या बाजूला. दोघं एकाच क्षणी सुटतात. अंतर ४ किलोमीटर, म्हणजे १६ फेऱ्या. मागून येऊन समोरच्याला गाठलं तर खेळ तिथेच खलास, नाहीतर ज्याची वेळ कमी तो जिंकला.

वाचायला सोपं वाटतं. पण यात कुणाच्या मागे लपून हवा चुकवता येत नाही, डावपेच करून शेवटच्या क्षणी झेप घेता येत नाही, दुसऱ्याच्या चुकीवर विसंबता येत नाही. तुम्ही आणि घड्याळ. स्पर्धक समोरच्या बाजूला असल्यामुळे तो नीट दिसतही नाही. कडेला उभा असलेला प्रशिक्षक हातवारे करून, ओरडून सांगतो की तू ठरलेल्या वेळेच्या पुढे आहेस की मागे.

सगळ्यात अवघड आहे ते चाल राखणं. पहिली फेरी उभ्या सायकलीवरून सुरू होते, ती साहजिकच हळू. त्यानंतरच्या १५ फेऱ्या जितक्या एकसारख्या, तितकं चांगलं. सुरुवातीला अंगात जोर असतो, चौथ्या-पाचव्या फेरीत सगळं हलकं वाटतं आणि माणूस चटकन दोन-तीन दशांश सेकंद जास्त वेगाने जातो. ती उधारी अकराव्या-बाराव्या फेरीत व्याजासकट फेडावी लागते. गान्नाच्या उत्तम शर्यतींचे फेरीनिहाय आकडे समोर ठेवले की एखाद्या गायकाने लय धरून ठेवावी तसे वाटतात. मला हा खेळ आवडायला लागला तो या आकड्यांमुळेच.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात हे खरं आहे का?

खरं आहे. ब्रेक नाहीत, गिअर बदलायची सोय नाही, आणि पायडल मोकळं फिरतही नाही. याला फिक्स्ड गिअर म्हणतात. मागचं चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. आपल्याकडच्या साध्या सायकलवर उतारावर पाय थांबवून निवांत बसता येतं, ते इथे नाही. थांबायचं असेल तर पायांनी उलट जोर लावत वेग हळूहळू कमी करायचा.

ब्रेक नसणं इथे सुरक्षितच आहे. सगळे एका दिशेला, एका लयीत जात असताना मध्येच कुणी ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर जाऊन आदळतील.

वळणांवर ट्रॅक इतका तिरका असतो की बंदिस्त लाकडी वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल ट्रॅकच्या मैदानात, ४० अंशांच्या पुढे चढ असतो. पडद्यावर हा तिरकेपणा अर्धाही जाणवत नाही. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या उघड्या वेलोड्रोमवर वळणाच्या पायथ्याशी उभं राहून मी वर पाहिलं होतं, आणि तो ट्रॅक लाकडी ट्रॅकच्या मानाने सौम्य असूनही पहिला विचार आला तो घसरण्याचाच. वेग असेल तर सायकल तिथे चिकटून राहते. वेग कमी झाला की खाली येते. भित्र्या माणसाला वेग कमी करावासा वाटतो, आणि तिथे नेमकं तेच धोक्याचं असतं.

सहा विश्वविजेतेपदं कोणत्या वर्षीची?

२०१६ लंडन, २०१८ आपेलडोर्न, २०१९ प्रुश्कूव, २०२० बर्लिन, २०२२ पॅरिसजवळचं सां-कांतां-आं-इव्हलीन आणि २०२३ ग्लासगो. वैयक्तिक परस्यूटमध्ये इतकी विजेतेपदं दुसऱ्या कुणाही पुरुष खेळाडूकडे नाहीत.

लंडनला तो १९ वर्षांचा होता. अंतिम फेरीत जर्मनीच्या डोमेनिक वाइनश्टाइनला हरवलं. त्याच वर्षी त्याने पॅरी-रूबेची २३ वर्षांखालील शर्यतही जिंकली, आणि ती शर्यत दगडी फरसबंदीवरची असते. लाकडावरचा गुळगुळीत वेग आणि दगडांवरचा खडखडाट हे एकाच पोराला एकाच वर्षात जमलं, तेव्हाच लोकांनी कान टवकारले होते.

पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉर्डन कर्बीने त्याला हरवलं. मग सलग तीन वर्षं तो अजिंक्य राहिला. २०२० ला बर्लिनमध्ये पात्रता फेरीत ४:०१.९३४ असा विश्वविक्रम केला आणि अंतिम फेरीत अमेरिकेच्या ॲश्टन लँबीला मागे टाकलं. लँबीने ही हार लक्षात ठेवली, त्याबद्दल पुढे येईलच.

२०२१ ला रूबेमध्ये लँबी पहिला, गान्नाचाच सहकारी जोनाथन मिलान दुसरा आणि गान्ना तिसरा. ऑलिम्पिक झालं होतं, त्यानंतर रस्त्यावरची जागतिक स्पर्धाही होऊन गेली होती, वर्ष फार लांबलं होतं. तरी त्याच स्पर्धेत टीम परस्यूटचं जागतिक सुवर्ण इटलीने घेतलं, आणि त्या चमूत तो होता.

मग त्याच्याकडे वैयक्तिक परस्यूटचं ऑलिम्पिक सुवर्ण का नाही?

कारण ती शर्यतच ऑलिम्पिकमध्ये नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर देताना दर वेळी वाईट वाटतं. पुरुषांची वैयक्तिक परस्यूट १९६४ पासून ऑलिम्पिकमध्ये होती. १९९६ ला अटलांटामध्ये इटलीच्याच आंद्रेआ कोल्लिनेल्लीने ती जिंकली, आणि महिलांच्या परस्यूटमध्ये आंतोनेल्ला बेल्लुत्तीने सुवर्ण घेऊन इटलीसाठी जोडी पूर्ण केली. शेवटची ऑलिम्पिक परस्यूट २००८ ला बीजिंगमध्ये झाली, तिथे ब्रिटनचा ब्रॅडली विगिन्स जिंकला. त्यानंतर कार्यक्रम बदलला. बीजिंगला पुरुषांसाठी सात आणि महिलांसाठी तीनच शर्यती होत्या. लंडन २०१२ ला दोघांना समान, पाच-पाच करायच्या ठरल्या. हा निर्णय व्हायलाच हवा होता. पण त्या फेरजुळणीत वैयक्तिक परस्यूट, पॉइंट्स रेस आणि मॅडिसन बाहेर गेल्या. मॅडिसन पुढे टोकियोला परत आली. परस्यूट आली नाही.

म्हणजे या प्रकारातल्या सर्वांत यशस्वी पुरुष खेळाडूला त्याच्या उमेदीच्या वर्षांत ऑलिम्पिकमध्ये एकट्याने ती शर्यत खेळायला मिळाली नाही. बीजिंगच्या वेळी तो १२ वर्षांचा होता. समानता राखूनही ४ किलोमीटरची एक शर्यत स्त्री-पुरुष दोघांसाठी ठेवता आली असती, असं माझं ठाम मत आहे.

टोकियोचं सुवर्ण नेमकं कसं मिळालं?

ते टीम परस्यूटचं. चार जण एका रांगेत, चाकाला चाक चिकटवून, पुन्हा तेच ४ किलोमीटर. पुढचा माणूस हवा फोडतो, मागच्यांना आडोसा मिळतो. ठरावीक अंतरानंतर वळणावर पुढचा गडी चढाच्या बाजूने वर सरकतो, बाकीचे तिघे खालून निघून जातात आणि तो उताराचा फायदा घेत रांगेच्या शेपटाला येऊन चिकटतो. हे सगळं ताशी ६० किलोमीटरच्या पुढच्या वेगात, ब्रेक नसलेल्या सायकलींवर आणि पुढच्याच्या चाकापासून काही सेंटिमीटरवर. वेळ धरली जाते तिसऱ्या गड्याची. म्हणजे चौघांपैकी एक जण मध्येच दमून बाजूला झाला तर चालतं, पण उरलेल्या तिघांना एकत्र यावंच लागतं.

इटलीचा चमू: सिमोने कॉन्सोन्नी, फ्रान्चेस्को लामोन, जोनाथन मिलान आणि गान्ना. समोर डेन्मार्क, २०२० चे विश्वविजेते. इझूच्या वेलोड्रोममध्ये ४ ऑगस्ट २०२१ ला अंतिम सामना झाला. आदल्या दिवशी न्यूझीलंडविरुद्ध इटलीने ३:४२.३०७ असा विश्वविक्रम केलाच होता.

अंतिम सामन्यात सुरुवात बरी झाली, पण मधल्या भागात डेन्मार्क पुढे सरकलं. शेवटचा किलोमीटर, म्हणजे चार फेऱ्या उरल्या तेव्हा इटली अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त मागे होती. या शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे फार. अशा वेळी समालोचकही आवाज खाली आणतात, कारण चमू दमलेला असतो आणि दमलेल्या चमूचा वेग घटतच जातो.

मग गान्ना पुढे आला आणि पुढेच राहिला. शर्यत पुन्हा बघितलीत तर एक गोष्ट नीट बघा: त्याचं डोकं हलत नाही, खांदे हलत नाहीत, पाठ टेबलासारखी सपाट. फक्त पाय फिरतायत. कोपऱ्यातले आकडे तेवढे बदलत जातात. अंतर अर्ध्या सेकंदावर आलं, मग आणखी कमी झालं, आणि शेवटच्या फेरीत इटलीचं नाव वर. मागे चिकटलेल्या सहकाऱ्यांची कमाल वेगळीच, कारण असा माणूस पुढे असताना त्याच्या चाकाला धरून राहणं हेही येरागबाळ्याचं काम नव्हे.

इटली ३:४२.०३२, डेन्मार्क ३:४२.१९८. फरक ०.१६६ सेकंद. त्या वेगात मोजला तर साधारण ३ मीटर. ४,००० मीटरनंतर ३ मीटर! विश्वविक्रमही झाला. आणि या प्रकारात इटलीला १९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर पहिल्यांदा सुवर्ण मिळालं.

टीम परस्यूटमध्ये सगळं श्रेय गान्नालाच देणं बरोबर आहे का?

नाही. लामोन सुरुवातीला चमूला वेगावर आणतो, आणि तिथे दोन दशांश गमावले तर ते शेवटी कुणालाच भरून काढता येत नाहीत. कॉन्सोन्नी वळणांवर रांग कधीच तुटू देत नाही. मिलान तेव्हा २० वर्षांचा होता आणि गान्नाइतकाच आडदांड. राष्ट्रीय प्रशिक्षक मार्को व्हिल्ला यांनी या पोरांना वर्षानुवर्षं मॉन्टिकियारीच्या वेलोड्रोममध्ये एकत्र घासून तयार केलं. ब्रेशाजवळचं हे गाव म्हणजे इटालियन ट्रॅक सायकलिंगची तालीम. छप्पर असलेला लाकडी ट्रॅक देशात बरीच वर्षं तेवढा एकच होता, हे कळलं की या पदकांची किंमत आणखी वाढते.

तासाचा विक्रम म्हणजे काय आणि त्याची एवढी चर्चा का होते?

एक माणूस, एक सायकल, एक ट्रॅक, ६० मिनिटं. जितकं अंतर काटाल तो तुमचा आकडा. सायकलच्या खेळातली ही फार जुनी कसोटी, आणि यापेक्षा सरळ कसोटी नाही. बहुतेक मोठ्या खेळाडूंना तिची ओढ वाटते आणि बहुतेक जण तिला घाबरतात.

गान्नाने ८ ऑक्टोबर २०२२ ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्खेनच्या वेलोड्रोममध्ये ५६.७९२ किलोमीटर कापले. आधीचा विक्रम ब्रिटनच्या डॅन बिगमचा होता, ५५.५४८ किलोमीटर, त्याच ट्रॅकवर, जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा. एका झटक्यात सव्वा किलोमीटरची वाढ. आणि हा बिगम गान्नाच्याच संघात, इनिओस ग्रेनाडियर्समध्ये, अभियंता म्हणून काम करत होता. हवेचा रोध, बसण्याची ढब, कपड्यांचं कापड यांवर डोकं चालवणं हेच त्याचं काम. स्वतःचा विक्रम मोडायला त्याने गान्नाला मनापासून मदत केली. असा मोठेपणा खेळात रोज बघायला मिळत नाही.

२२७ फेऱ्या, प्रत्येक फेरी सरासरी १५.८ सेकंदांच्या आसपास. ट्रॅकच्या आतल्या कडेला एक काळी रेषा असते, अंतर मोजलं जातं ते त्या रेषेवर. सायकल रेषेच्या वर सरकली तर जास्त अंतर कापावं लागतं, पण ते हिशेबात येत नाही. रेषेच्या आत कुणी घुसू नये म्हणून वळणांवर फोमचे ठोकळे मांडलेले असतात. म्हणजे तासभर हातभर रुंदीच्या पट्ट्यात सायकल ठेवायची, मान खाली, हात पुढे जोडलेले, आणि पाय एका क्षणालाही थांबवायचे नाहीत. फिक्स्ड गिअर आहे, थांबवता येणारही नाहीत.

त्या विक्रमाच्या सायकलमध्ये खास काय होतं?

पिनारेल्लो कंपनीची बोलिडे, सांगाडा थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेला. कार्बनऐवजी स्कँडियम, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला होता. सीटखालच्या नळीवर उंचवटे होते, कुबड असलेल्या देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परांवर असतात तसे. मागच्या बाजूला हवा कमी घुटमळावी म्हणून ही युक्ती.

मला स्वतःला जास्त आश्चर्य वाटतं ते गिअरचं. पुढे ६५ दात्यांची चकती आणि मागे १४ दात्यांची. आपल्या साध्या सायकलला एकदा पायडल पूर्ण फिरवलं की पाच-साडेपाच मीटर जाता येतं. गान्नाच्या या सायकलवर पायडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ पावणेदहा मीटर. आणि हे तो मिनिटाला ९५ च्या वर वेळा, सलग तासभर फिरवत होता. साधारण माणसाला अशी सायकल उभ्यावरून हलवणंही जड जाईल.

त्याने बोर्डमनलाही मागे टाकलं म्हणतात, ते काय प्रकरण?

१९९६ ला ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने मँचेस्टरमध्ये ५६.३७५ किलोमीटर काटले होते, हात पूर्ण पुढे ताणलेल्या ‘सुपरमॅन’ ढबीत. पुढे जागतिक संघटनेने ती ढब बाद केली आणि २००० मध्ये नियम असे बदलले की जुन्या धाटणीच्या सायकलवरचा विक्रमच खरा धरायचा. बोर्डमनचा आकडा वेगळ्या यादीत गेला. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले आणि ट्रॅकवर चालणाऱ्या आधुनिक सायकलींना परवानगी मिळाली. तेव्हापासून एकेक खेळाडू वर चढत गेला, विगिन्स ५४.५२६, बेल्जियमचा व्हिक्टर कांपनार्ट्स ५५.०८९, मग बिगम. पण बोर्डमनचा आकडा सगळ्यांच्या डोक्यावर लटकत होता. गान्नाने तोही ओलांडला, बाद ठरलेल्या ढबीचा आधार न घेता. त्यानंतर दोन याद्यांचा वाद उरलाच नाही.

इटलीसाठी या विक्रमाला वेगळं महत्त्व होतं का?

फार. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्ध चालू असताना, फाउस्तो कोप्पीने मिलान शहरातल्या व्हिगोरेल्ली वेलोड्रोमवर ४५.७९८ किलोमीटरचा विक्रम केला. तो १९५६ पर्यंत टिकला, आणि त्या वर्षी एर्कोले बाल्दिनीनेही व्हिगोरेल्लीवरच ४६.३९४ गाठले. १९८४ च्या जानेवारीत फ्रान्चेस्को मोझेरने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ५१.१५१ पर्यंत मजल मारली. १९९३ ला मोझेरचा विक्रम गेला तेव्हापासून इटली वाट बघत होती.

चार मिनिटांची भिंत कुणी फोडली, गान्नाने की लँबीने?

लँबीने. बर्लिनमध्ये हरलेला हा अमेरिकन १८ ऑगस्ट २०२१ ला मेक्सिकोतल्या आग्वास्कालिएंतेसमध्ये ३:५९.९३० मध्ये ४ किलोमीटर गेला. असं करणारा तो पहिला माणूस. हे शहर उंचावर आहे, हवा विरळ, रोध कमी.

गान्नाने १४ ऑक्टोबर २०२२ ला, फ्रान्समधल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत, मिलानविरुद्ध ३:५९.६३६ ची वेळ दिली. उंचीचा फायदा नाही, शिवाय त्याच दिवसाची पात्रता फेरी पायांत होतीच. तारीख पुन्हा बघा. तासाचा विक्रम ८ ऑक्टोबरला झाला होता. ज्या माणसाने तासभर स्वतःला पिळून काढलं, त्याने सहाव्या दिवशी सपाटीवरच्या ट्रॅकवर चार मिनिटांची भिंत ओलांडली. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हा आठवडा मला सर्वांत वरचा वाटतो, टोकियोपेक्षाही. टोकियोचं यश चौघांचं होतं. हे सहा दिवस त्याचे एकट्याचे.

रस्त्यावर त्याने काय केलं?

२०२० ला इमोला येथे टाइम ट्रायलचा विश्वविजेता, हे करणारा पहिला इटालियन पुरुष. २०२१ ला बेल्जियममधल्या फ्लांडर्समध्ये तिथल्याच वाउट व्हॅन आर्टला सहा सेकंदांपेक्षाही कमी फरकाने मागे टाकून पुन्हा. २०२० च्या जिरोत चार टप्पे जिंकले, त्यातले तीन टाइम ट्रायलचे. चौथा मात्र कालाब्रियाच्या डोंगरातला, कामिल्यातेल्लो सिलानोचा, आणि तो त्याने एकट्याने पळून जाऊन मारला. ते बघून डोंगर त्याचा नाही म्हणणारे गप्प झाले. २०२१ च्या जिरोत तो संघातल्याच एगान बर्नालसाठी मैदानी भागात तासन् तास पुढे राबला आणि बर्नाल जिंकला. मिलान-सान रेमो या एका दिवसाच्या शर्यतीत २०२३ आणि २०२५ ला दुसरा, दोन्ही वेळा माथ्यू व्हान डर पूलच्या मागे.

मग तो टूर द फ्रान्स का जिंकत नाही?

वजन. सपाटीवर हवेशी लढायचं असतं आणि तिथे मोठ्या शरीराची ताकद कामाला येते. आल्प्समध्ये गुरुत्वाकर्षणाशी लढायचं असतं, तिथे ८० किलो घेऊन चढणारा माणूस ६० किलोवाल्याच्या मागेच पडणार. वजन उतरवलं तर ताकदही उतरेल, आणि मग तो गान्ना राहणार नाही.

पॅरिस २०२४ ला काय झालं?

टाइम ट्रायलमध्ये ओल्या रस्त्यावर रेम्को एव्हनपूलच्या मागे रौप्य. हेच त्याचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. टीम परस्यूटमध्ये टोकियोच्याच चौघांनी डेन्मार्कला हरवून कांस्य घेतलं. सुवर्ण ऑस्ट्रेलियाचं, त्यांनी ३:४०.७३० पर्यंत विश्वविक्रम खाली आणला. तीन वर्षांत हा खेळ सव्वा सेकंदाने पुढे गेला होता.

परस्यूटचा विक्रम त्याच्याच नावावर राहिला का?

नाही. ऑक्टोबर २०२४ ला डेन्मार्कमधल्या बालेरुपच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या जॉश चार्ल्टनने पात्रता फेरीत ३:५९.३०४ केले आणि त्याच दिवशी अंतिम फेरीत जोनाथन मिलानने ३:५९.१५३. गान्ना त्या स्पर्धेत नव्हता. विक्रम गेला तो टोकियोत त्याच्या चाकाला चिकटून असलेल्या पोराकडे, मॉन्टिकियारीच्याच तालमीतल्या.

नवीन माणसाने त्याची कोणती शर्यत आधी बघावी?

टोकियो सगळे सांगतात. मी ग्लासगो २०२३ ची अंतिम फेरी सांगेन. समोर बिगम, तोच अभियंता, ज्याला गान्नाच्या शरीराचा, ढबीचा, ताकदीचा हिशेब तोंडपाठ. बिगम सुरुवातीपासून पुढे जातो आणि बहुतेक शर्यतभर पुढे राहतो. हिरव्या-लाल आकड्यांकडे बघत बसलात तर दहाव्या फेरीनंतर वाटेल की संपलं. त्यापेक्षा गान्नाच्या गुडघ्यांकडे बघा. त्यांची लय शेवटच्या तीन फेऱ्यांत तसूभरही ढळत नाही, आणि बिगमची मात्र जराशी ढळते. शेवटच्या फेरीची घंटा वाजते तेव्हाही निकाल कुणाला सांगता येत नाही. दोघं समोरासमोरच्या बाजूंना रेषा ओलांडतात, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. फलकावर गान्ना ४:०१.९७६, बिगम ४:०२.०३०. अंतर मीटरभरसुद्धा नाही.